स्टेटस, मोबाईल आणि पोलीस ठाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. पूर्वी लोक बांधाचं, वाटपाचं, पोटगीचं विचारायला यायचे. आता खिशातून मोबाईल काढतात, स्क्रीन माझ्या तोंडासमोर धरतात आणि विचारतात, "साहेब, हे ठेवलं तर काही होईल का?" कधी पंगतीत, कधी एसटी स्टँडवर, एकदा तर स्मशानात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एक गोष्ट आधी सांगतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. लोकांच्या तोंडात अजून जुनेच आकडे आहेत (पोलिसांच्याही आहेत), म्हणून जिथे गरज तिथे दोन्ही दिले आहेत. आणि "लेखी" हा शब्द पुन्हा पुन्हा येईल, त्याला माझा नाइलाज आहे.

सरकारवर टीका करणं गुन्हा आहे का?

नाही. मुख्यमंत्र्यांवर, पंतप्रधानांवर, कलेक्टरवर, ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर, कशावरही टीका करा.

संविधानाच्या कलम १९(१)(अ) ने बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. त्यावर बंधन कशासाठी घालता येतं ते १९(२) मध्ये मोजून लिहिलं आहे: देशाची सार्वभौमता आणि अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. बस. या यादीत "साहेबांना राग आला" असं काही नाही. नुसतं "भावना दुखावल्या" हेही नाही. धार्मिक भावनांसाठी न्याय संहितेत कलम २९९ आहे (जुनं २९५-अ), पण तिथेही जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान सिद्ध करावा लागतो.

मग लोकांना पकडतात कसे?

पालघरचं उदाहरण घ्या. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद राहिली. एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं की मुंबई बंद आहे ती आदरापोटी नाही, भीतीपोटी. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. लाइक, एवढंच. दोघींना अटक झाली. त्याआधी जमावाने लिहिणाऱ्या मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला होता. ज्यांनी दवाखाना फोडला त्यांच्याआधी ज्यांनी शब्द लिहिले त्यांचा बंदोबस्त झाला. हा क्रम नीट पाहून ठेवा, आपल्याकडच्या निम्म्या प्रकरणांत तो असाच असतो.

पुढे आरडाओरडा झाला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, मुलींवरचा खटला मागे पडला. पण त्या प्रकरणाने एक मोठं काम केलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम तिथे लावलं होतं. "त्रासदायक", "गैरसोयीचा", "अतिशय आक्षेपार्ह" मजकूर पाठवला तर ३ वर्षांपर्यंत कैद, असा त्याचा सूर. आता गैरसोयीचं म्हणजे कुणाच्या गैरसोयीचं? दिल्लीच्या श्रेया सिंघल, तेव्हा कायद्याची तयारी करणारी तरुणी, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलम संपूर्ण रद्द केलं. त्या निकालात एक फरक फार स्वच्छ सांगितला आहे: चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा आणि चिथावणी वेगळी. पहिल्या दोन्ही कितीही झोंबल्या तरी चालतात. कायदा तिसऱ्यापाशी आडवा येऊ शकतो.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण रद्द झालेल्या कलमाखाली देशभरात गुन्हे दाखल होतच राहिले. २०२१ मध्ये हे समोर आलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने धक्का बसल्याचं बोलून दाखवलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा वेगळा आदेश काढून सांगावं लागलं की बाबांनो, हे कलम मेलं आहे, याखाली कुणावर खटला चालवू नका. साडेसात वर्षं! दिल्लीत निकाल लागतो त्या दिवशी गल्लीत काही बदलत नाही. म्हणून तुमच्या कागदावर कुठली कलमं लिहिली आहेत ते आधी वाचा.

भावना दुखावल्या की नाही, हे ठरवणार कोण?

हा माझा आवडता प्रश्न, कारण त्याचं उत्तर नागपूरचं आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एका प्रकरणात कसोटी घालून दिली. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने. प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्या डळमळीत मनाच्या मापाने नाही.

ही कसोटी आजही जिवंत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात काश्मीरहून आलेले एक प्राध्यापक होते. ३७० कलम हटवल्याचा दिवस काळा दिवस आहे, असं त्यांनी व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही दिल्या. हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला, कलम १५३-अ, म्हणजे गटागटांत वैर वाढवणं (आता १९६). उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मात्र रद्द केला. सरकारच्या निर्णयावर नाराजी दाखवणं हा हक्क आहे आणि दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं हे वैर वाढवणं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. बोस यांचीच कसोटी लावली. शिवाय, पोलिसांना १९(१)(अ) म्हणजे काय हे शिकवायची वेळ आली आहे, असंही सुनावलं.

तुम्हाला ते स्टेटस आवडलं असेल किंवा नसेल. मला विचाराल तर मी ठेवलं नसतं. पण "मी ठेवलं नसतं" आणि "ठेवणाऱ्याला कोठडीत टाका" यांच्यामध्ये अख्खं संविधान उभं आहे.

म्हणजे तक्रार आली की लगेच गुन्हा दाखल व्हायला नको?

बरोबर, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये एक सोय आहे. ३ वर्षांपासून ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने, पोलिसांना आधी प्राथमिक चौकशी करता येते. मुदत १४ दिवस. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातेत जामनगरला गुन्हा दाखल झाला होता. २८ मार्च २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत पोलिसांनी ही सोय वापरणंच योग्य, असं सांगितलं. चौकशीला बोलावलं तर विनयाने विचारा: "१७३(३) ची चौकशी आहे का? परवानगीचा कागद आहे का?" प्रश्न विचारल्याबद्दल अजून तरी कलम नाही.

राजद्रोहाचं कलम गेलं ना आता?

नाव गेलं.

१२४-अ आपल्या घरातलं कलम आहे. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली ती याच कलमाखाली. त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला समजावलं की सरकारबद्दल अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. थोडक्यात, सरकारवर प्रेम नसणं हाच गुन्हा! १९०८ मध्ये पुन्हा खटला, सहा वर्षं, मंडाले.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ठेवलं, पण हिंसेला चिथावणी किंवा सुव्यवस्था बिघडवण्याचा कल असेल तरच, अशी वेसण घातली. २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना चित्रांवरून हेच कलम लागलं आणि मुंबई उच्च न्यायालयात ते प्रकरण गाजलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा वापर थांबवला. आणि २०२४ मध्ये न्याय संहितेत कलम १५२ आलं. शब्द बदलले: आता "सरकार" नाही, "भारताची सार्वभौमता, एकता आणि अखंडता". शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा ७ वर्षांपर्यंत. इलेक्ट्रॉनिक संदेशाचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. शब्द मोठे झाले की त्यांत मावणारी माणसंही वाढतात, ही माझी काळजी. कलमाच्या खुलाशात सरकारी निर्णयांवरच्या नापसंतीला हात लावलेला नाही, तो खुलासा वकिलाला दाखवा.

मी आमच्या भावकीच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. दुसऱ्याने काही टाकलं तर मी अडकेन का?

आपोआप नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, जोवर दोघांचा सामाईक इरादा किंवा आधी ठरलेला बेत दिसत नाही. ॲडमिनला पोस्ट आधी तपासता येत नाही, हे न्यायालयाला पटलं होतं. तरी पोस्ट खरोखर विखारी असेल तर काढा आणि काढल्याचं ग्रुपवर एका ओळीत लिहा. भावकी रुसेल. रुसू द्या.

ठाण्यातून फोन आला: "जरा येऊन साहेबांना भेटून जा." जायचं का?

हाच खरा प्रश्न. बाकीचे प्रश्न लोक कुतूहलाने विचारतात, हा विचारताना आवाज खाली जातो.

माझ्याकडे एकदा एक शिक्षक आले होते. रस्त्याच्या कामाबद्दल त्यांनी काहीतरी लिहिलं होतं. फोन आला, गेले, चार तास बाकावर बसले. कुणी काही विचारलं नाही. शेवटी एकाने सांगितलं, "सर, पोस्ट काढा, विषय संपला." काढली. घरी आले. कुठे नोंद नाही, कलम नाही, आरोप नाही आणि म्हणून तक्रारीलाही जागा नाही. बेकायदा अटकेविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं. बाकावरच्या चार तासांविरुद्ध कुठे जाणार? आपल्याकडे बोलण्याची गळचेपी बहुतेक वेळा अशीच होते, निकालपत्राशिवाय, तोंडी.

म्हणून तोंडी बोलावण्याला लेखी करून घ्या. फोनवर शांतपणे नाव, हुद्दा, ठाणं विचारा आणि म्हणा, "साहेब, नोटीस द्या, मी नक्की येतो." आरोपी म्हणून बोलावत असतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस लागते (जुनं ४१-अ). साक्षीदार म्हणून असेल तर १७९ ची (जुनं १६०). महिला, १५ वर्षांखालील मुलं, ६० च्या वरची माणसं, अपंग आणि गंभीर आजारी यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या घरी यायचं असतं. हे वाक्य आईला, आजीला आणि बहिणीला पाठ करून ठेवायला सांगा.

नोटीस आली तर मात्र जा. टाळलीत तर अटकेचं कारण तुम्हीच हातात देता. जाताना वकील किंवा निदान एक शहाणा माणूस बरोबर घ्या. पोस्टचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळेसह, आधी काढून ठेवा. जे द्याल त्याची प्रत ठेवा आणि त्यावर आवक शिक्का घ्या. शिक्का द्यायला कुरकुर करतील. उभे राहा. तेवढी कुरकुर सहन करण्याइतका वेळ त्या दिवशी हातात ठेवा.

नोटीस व्हॉट्सॲपवर आली. चालते?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने सतेंद्र कुमार अंतिल प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं की ही नोटीस व्हॉट्सॲपवर किंवा दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने देऊन भागत नाही. कागद हातात आला पाहिजे.

आणि व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलं आहे" म्हणाला तर?

फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. हा शुद्ध चोरीचा धंदा आहे. पण त्यात निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, बँक मॅनेजर असे शिकलेले लोक फसतात ते का, याचा विचार करा. "सरकार माझं काहीही करू शकतं" ही समजूत मनात आधीच पक्की बसलेली असते. चोराला फक्त गणवेश शिवायचा असतो.

अटक झालीच तर?

७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक हा नियम नाही. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पोलिसांना अटकेची गरज का आहे ते कागदावर लिहावं लागतं, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी ते वाचल्याशिवाय कोठडी द्यायची नसते.

अटकेची कारणं लेखी द्यायलाच हवीत, आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. कोठडी मागण्यापूर्वी किमान दोन तास आधी तो कागद मिळाला पाहिजे. मराठी माणसाला इंग्रजी कागद देऊन अंगठा घेणं आता बसत नाही. २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं हे संविधानाच्या कलम २२ मधलं आहे. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करायची नाही, अपवादात्मक स्थिती असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊनच.

हे कागदावर ठीक आहे, प्रत्यक्षात काय होतं? मे २०२५ मध्ये पुण्यातल्या १९ वर्षांच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने ऑपरेशन सिंदूरच्या वेळी दुसऱ्याची पोस्ट इन्स्टाग्रामवर पुढे ढकलली. दोन तासांत काढली, माफी मागितली. तरी अटक, कोठडी, महाविद्यालयातून काढणं, हे सगळं झालं, तेही परीक्षा चालू असताना. मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडायचा आदेश दिला तेव्हा सरकार आणि महाविद्यालय दोघांनाही चांगलंच फैलावर घेतलं. पण तोवर तिचे पेपर बुडाले होते.

पोलिसांनी मोबाईल मागितला. द्यायचा? आणि पासवर्ड?

जप्ती करायची तर पंचनामा हवा आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण हवं. "बघू जरा" म्हणून हातातून घेणं ही जप्ती नव्हे. पंचनाम्यात मोबाईलचा आयएमईआय क्रमांक, स्थिती, सिमकार्ड लिहून घ्या, प्रत मागा. मजकुराची हॅश व्हॅल्यू, म्हणजे नंतर कुणी काही घातलं-काढलं तर कळेल असा आकडी ठसा, नोंदवायचा आग्रह धरा.

पासवर्डबद्दल न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही असं कलम २०(३) सांगतं, पण पासवर्ड म्हणजे साक्ष की नुसती किल्ली, यावर वेगवेगळे निकाल आहेत. म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नका. त्यातल्या त्यात, रस्त्यात नाकाबंदीला पोलिसाने चॅट उघडून दाखवायला सांगितलं तर त्याला आधार काय, एवढं विचारायचा हक्क तुम्हाला नक्की आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने तो दिला.

पुट्टस्वामी म्हणजे आधारचाच निकाल ना?

दोन निकाल आहेत, लोक गल्लत करतात. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात शिरायचं तर तीन गोष्टी हव्यात: कायदा, रास्त हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच हस्तक्षेप. याचिका करणारे के. एस. पुट्टस्वामी निवृत्त न्यायमूर्ती होते, नव्वदीच्या घरातले.

आधारचा निकाल २६ सप्टेंबर २०१८ चा, चार विरुद्ध एक. अनुदान आणि पॅनसाठी आधार टिकलं. शाळाप्रवेश, बँक खातं, सिमकार्ड यांसाठी सक्ती उडाली. नंतर कायदा बदलून बँक आणि सिमसाठी "स्वेच्छेने" आधार देण्याची सोय केली. काउंटरवर उभं राहून स्वेच्छा कशी दिसते हे आपण जाणतोच. लॉजवाल्याला, सोसायटीच्या गेटवर झेरॉक्स द्यायचीच झाली तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

माझा फोन टॅप होतोय असं वाटतं. कसं कळणार?

कळत नाही. टॅपिंगचा कायदाच असा आहे की ज्याचा फोन ऐकला त्याला कधीच सांगत नाहीत.

नियम मात्र आहेत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात घालून दिले, आता दूरसंचार कायदा २०२३ आणि त्याखालचे नियम आहेत. एरवी आदेश गृहसचिव देतात, एका वेळी ६० दिवस, एकूण १८० पर्यंत, आणि वर आढावा समिती. या साखळीत न्यायाधीश कुठेच नाही हे ध्यानात घ्या. सरकार आदेश देतं आणि सरकारचेच सचिव तो तपासतात. तरी नियम मोडला की उपयोग होतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणात टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले, कारण लाचेच्या आरोपात सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न नव्हता. ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली.

पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच असल्याचा ठाम पुरावा नाही, असा अहवाल २०२२ मध्ये आला. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही हेही त्यात नोंदलं गेलं.

सरकारने "खोटी" ठरवलेली बातमी पुढे पाठवली तर?

केंद्राने २०२३ मध्ये नियम केला होता: सरकारी कामकाजाबद्दलची बातमी खोटी की खरी हे सरकारचाच कक्ष ठरवणार. विनोदवीर कुणाल कामरा मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. तरी अफवेतून दंगल घडवण्याचं कलम ३५३ (जुनं ५०५) शाबूत आहे. पोरं पळवणारी टोळी आली, असले संदेश पुढे ढकलू नका. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात २०१८ मध्ये अशाच अफवेने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. तिथे मी बोलण्याच्या स्वातंत्र्याची वकिली करणार नाही.

इंटरनेट बंद करण्याचा अधिकार कुणाला?

गृहसचिवांना, लेखी आदेशाने, एका वेळी १५ दिवसांपर्यंत. आदेश प्रसिद्ध करावा लागतो, हे जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात औरंगजेबाच्या स्टेटसवरून दंगा झाला आणि इंटरनेट बंद झालं. चार पोरांच्या स्टेटससाठी अख्ख्या जिल्ह्याचे व्यवहार थांबले. भाजीवाल्याचा क्यूआर कोडही त्या दिवशी आरोपीच झाला म्हणायचा.

जनसुरक्षा विधेयकाची एवढी चर्चा का?

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. संयुक्त समितीकडे १२ हजारांवर सूचना-हरकती आल्या होत्या. सरकारचं म्हणणं: शहरी नक्षलवाद रोखायचा आहे, छत्तीसगड, तेलंगणात असे कायदे आहेत, आपल्याकडे नव्हता. समितीत शब्द घट्ट केले गेले, "व्यक्ती आणि संघटना" ऐवजी "कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना" असं झालं. विधानसभेत विरोध नोंदवला तो माकपचे विनोद निकोले यांनी.

माझी हरकत "तत्सम" वर आहे. कायद्यात "तत्सम" म्हणजे भिंतीला ठेवलेलं भगदाड. दुसरी हरकत व्याख्येवर. प्रस्थापित कायदा मोडायला प्रोत्साहन देणं हेही "बेकायदेशीर कृत्य" धरलं आहे. १९३० मध्ये शिरोड्याला मीठ उचलणाऱ्यांनी नेमकं तेच केलं होतं. बंदी घातलेल्या संघटनेच्या सदस्याला ३ वर्षांपर्यंत कैद, सदस्य नसून मदत केली तर २, प्रत्यक्ष कृत्याला ७. गुन्हे अजामीनपात्र. बंदी योग्य की नाही हे सल्लागार मंडळ बघणार, पण घालणार सरकारच.

माहितीच्या अधिकारात आता "खासगी माहिती" म्हणून सगळंच नाकारतात. हे नवीन आहे का?

हो. वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्याबरोबर माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर खासगी माहितीही मिळायची. आता त्या पोटकलमात उरलं ते फक्त "वैयक्तिक माहिती". जो कायदा नागरिकाला कंपन्यांपासून वाचवायला आला त्याच्या आडोशाला आधी साहेब जाऊन बसले. सरकारी यंत्रणांना त्यात सूट आहे, ते वेगळंच.

दार पुरतं बंद झालेलं नाही. कलम ८(२) कायम आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जातच ८(२) लिहा आणि जनहित काय ते दोन ओळींत मांडा. रोजगार हमीचं हजेरीपत्रक, बिलं, मोजमाप पुस्तिका मागताना कलम ४ चाही उल्लेख करा, ते तर न मागता जाहीर करायचं असतं.

मी सरकारी नोकर आहे. मी काय लिहू शकतो?

कमी. २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने राज्य सरकार, स्थानिक संस्था, महामंडळं, अगदी कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही सरकारी धोरणांवर समाजमाध्यमांत टीका करायला मनाई केली आहे. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, वैयक्तिक खात्यावर गणवेश, बोधचिन्ह नको. एक जिल्हा परिषद शिक्षक मला म्हणाले, "मग शाळेचं छत गळतंय हे लिहू का?" मुख्याध्यापकांमार्फत लेखी कळवा आणि पोच ठेवा, असं सांगितलं. पालकाने लिहिलं तर त्याला हा निर्णय लागू नाही, हेही सांगितलं.

वकील परवडत नाही.

१५१०० ला फोन करा किंवा तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कुणीही व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज साध्या कागदावर चालतो. दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का घेऊन परत आणा.